तिकिटावरचं कंपनीचं नाव वाचा, मगच गाडीत चढा : ब्रिटनमध्ये रेल्वेने फिरायचं कसं

मागच्या सप्टेंबरात माझा आतेभाऊ यॉर्कला शिकायला आला. हीथ्रो विमानतळावरून ट्यूबने (लंडनची मेट्रो) कसाबसा किंग्ज क्रॉस स्टेशनला पोचला, दोन भल्यामोठ्या बॅगा, पाठीवर सॅक, आणि आत्याने शेवटच्या क्षणी कोंबलेली चकल्यांची पिशवी वेगळी, आणि तिथून मला फोन. "ताई, यॉर्कची गाडी लागलीय. माझी पाऊण तासाने आहे पण ही आत्ता सुटतेय, बसू का?" म्हटलं कुठल्या कंपनीची आहे? तर म्हणे, "कंपनीची म्हणजे? रेल्वेची!"

बसू नकोस म्हटलं. त्याचं तिकीट होतं एलएनईआर नावाच्या रेल्वे कंपनीचं, ठरलेल्या एकाच गाडीचं, अ‍ॅडव्हान्स आणि समोर उभी होती ग्रँड सेंट्रल ह्या दुसऱ्या कंपनीची गाडी. दोन्ही यॉर्कला जातात, एकाच स्टेशनातून सुटतात, त्याच रुळांवरून जातात, पण त्या गाडीत ह्याचं तिकीट म्हणजे नुसता कागद. दरवर्षी नवीन येणारं कुणी ना कुणी मला हेच विचारतं आणि मी दरवर्षी फोनवर तेच पुराण लावते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आपल्याकडे कल्याणहून पुण्याला जाताना गाडी मध्य रेल्वेची आहे का दक्षिण मध्यची हे कोण बघतं, फार तर कोकण रेल्वेचं वेगळं कॉर्पोरेशन आहे एवढं माहीत असतं आणि तिचंही तिकीट त्याच आयआरसीटीसीवर काढायचं. गंमत म्हणजे कंपन्यांच्या गाड्या आपल्याला काही नवीन नाहीत, १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सोडली ती जीआयपी कंपनीनेच, आणि चर्चगेटकडची लाइन बीबीसीआय कंपनीची, १९५१ मध्ये त्यांची मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली. ब्रिटनने ह्याच्या उलटा उद्योग केला. १९४८ ला सगळ्या कंपन्या सरकारजमा करून एक ब्रिटिश रेल्वे केली, आणि १९९३ चा कायदा करून तिचे परत तुकडे केले, १९९७ पर्यंत प्रवासी गाड्या चालवण्याचं काम सगळं खाजगी कंपन्यांकडे. रूळ आणि सिग्नल आधी रेलट्रॅककडे होते, २००२ पासून नेटवर्क रेलकडे. आणि डबे-इंजिनं तिसऱ्यांचीच, पोर्टरब्रुक, एंजल, एव्हरशोल्ट असल्या कंपन्या ते भाड्याने देतात. म्हणजे जिच्या नावाने गाडी धावते त्या कंपनीचं स्वतःचं काय, तर ड्रायव्हर, गार्ड, रंग आणि तिकीट. घर भाड्याचं, भांडी भाड्याची, दारावरची पाटी तेवढी आपली.

आता ते चाक परत फिरतंय. एलएनईआर २०१८ पासून सरकारी आहे, नॉर्दर्न २०२० पासून, साउथईस्टर्न २०२१, ट्रान्सपेनाइन २०२३, आणि २०२४ च्या शेवटी कायदाच झाला की कंत्राट संपेल तशी एकेक कंपनी सरकारकडे घ्यायची, त्यात २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न, सी-टू-सी आणि ग्रेटर अँग्लिया गेल्या. स्कॉटलंडची स्कॉटरेल आणि वेल्सची ट्रान्सपोर्ट फॉर वेल्स तिथल्या तिथल्या सरकारांकडे आहेत. पुढे ग्रेट ब्रिटिश रेल्वेज नावाखाली सगळं एकत्र आणायचं चाललंय. पण हे वाचून "चला, म्हणजे आता सगळं एकच" असं समजू नका हं, एलएनईआर इतकी वर्षं सरकारी आहे तरी तिच्या तिकिटावर "फक्त एलएनईआर" छापलेलं असलं की फक्त एलएनईआर. मालक कोण ह्याच्याशी आपल्याला काही घेणं नाही, तिकिटावर काय लिहिलंय ते बघायचं.

तर पहिलं काम. कुठेही जायचं ठरलं की आधी नॅशनल रेलच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर गाड्या बघा, तिथे सगळ्या कंपन्या एकत्र दिसतात. एकाच कंपनीच्या जाहिरातीवर जाऊन तिकीट काढू नका, कारण त्याच गावाला दुसरी कुणीतरी निम्म्या पैशात नेत असते. साधं उदाहरण म्हणजे लंडन ते बर्मिंगहॅम. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून अवांती कंपनीची गाडी साधारण एक तास वीस मिनिटांत बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनला नेते. त्याच यूस्टनहून लंडन नॉर्थवेस्टर्नची गाडी त्याच न्यू स्ट्रीटला जाते पण मधे थांबत थांबत, दोन तासांच्या वर लावते आणि बहुतेक वेळा बरीच स्वस्त पडते. तिसरी चिल्टर्न, ती यूस्टनहून सुटतच नाही, मेरिलबोनहून सुटते आणि मूर स्ट्रीटला सोडते, वेळ ह्या दोघींच्या मधे. मूर स्ट्रीट न्यू स्ट्रीटपासून चालत दहाएक मिनिटांवर आहे पण बर्मिंगहॅमहून पुढची गाडी पकडायची असेल तर ती दहा मिनिटं बॅगा ओढत मोजावी लागतात. म्हणजे दादर मध्य आणि दादर पश्चिम धरा, फक्त मधे पूल नाही, रस्ता आहे. (आणि न्यू स्ट्रीटच्या डोक्यावर ग्रँड सेंट्रल नावाचा मॉल आहे, ग्रँड सेंट्रल कंपनीची गाडी शोधत तिथे जाऊ नका, तिचा बर्मिंगहॅमशी काही संबंध नाही.)

तिकीट मात्र कुठल्याही कंपनीच्या अ‍ॅपवर काढलं तरी चालतं. हे नव्या लोकांना खरंच वाटत नाही, पण अवांतीचं तिकीट नॉर्दर्नच्या अ‍ॅपवर मिळतं, त्याच भावात, वर बुकिंग फी नाही. ट्रेनलाइनसारख्या दुकानदार अ‍ॅपवर बऱ्याच तिकिटांना फी लागते. मी एकाच कंपनीचं अ‍ॅप ठेवलंय आणि त्यावरच सगळी तिकिटं काढते.

आता तिकिटावरचे शब्द, सगळा खेळ इथे आहे. एनीटाइम म्हणजे कुठलीही वेळ, सगळ्यात महाग, ऑफिस पैसे देत असेल तरच काढा. ऑफ-पीक म्हणजे गर्दीची वेळ सोडून, त्यातही सुपर ऑफ-पीक म्हणजे अजून थोडी बंधनं आणि अजून थोडं स्वस्त. गर्दीची वेळ कुठली हे प्रत्येक मार्गाला वेगळं असतं, सकाळचं तर असतंच पण लंडनहून संध्याकाळी बाहेर पडतानाही काही मार्गांवर बंधन असतं, तेव्हा साडेनऊ वाजून गेले म्हणजे ऑफ-पीक झालं असं गृहीत धरू नका, अ‍ॅपमध्ये तिकिटाच्या बंधनांची लिंक असते ती उघडून बघा. ह्या सगळ्या तिकिटांना ठरलेली गाडी नसते, त्या दिवशीच्या चालणाऱ्या वेळेतली कुठलीही गाडी पकडा, आणि ती कधी "संपत" नाहीत, वेटिंग नाही, आरएसी नाही, गाडी भरली असेल तर लोकलसारखं उभं राहा.

अ‍ॅडव्हान्स मात्र वेगळं. ते त्या एका तारखेच्या एका गाडीचं असतं, साधारण दोनतीन महिने आधी सुरू होतं, स्वस्तातली आधी संपतात मग महाग राहतात. गाडी चुकवलीत, म्हणजे तुमच्या चुकीने चुकली, तर तिकीट गेलं. मधल्या स्टेशनवर उतरून चहा पिऊन पुढच्या गाडीने जाणं चालत नाही. परत करता येत नाही, सुटायच्या आधी बदलता येतं आणि त्याला चार्ज आणि भावातला फरक पडू शकतो.

आणि आता मार्गाची ओळ. तिकिटावर "रूट" म्हणून एक बारकी ओळ असते, लोक ती वाचतच नाहीत आणि सगळ्यात जास्त रडारड तिच्यामुळेच होते. तिथे "एनी परमिटेड" असेल तर खुशाल त्या मार्गावरच्या कुठल्याही कंपनीच्या गाडीत बसा, मिळालेले पैसे आपसात कसे वाटायचे ते त्यांचं ते ऑरकॅट्स नावाचं कॉम्प्युटर मॉडेल बघतं. कंपनीचं नाव आणि पुढे "ओन्ली" असेल तर फक्त तिच्याच गाड्या. आणि अ‍ॅडव्हान्सवर बरेचदा "एलएनईआर अँड कनेक्शन्स" असं असतं, त्याचा अर्थ मुख्य गाडी एलएनईआरची, ठरलेलीच, आणि तिला जोडणाऱ्या आधीच्या-नंतरच्या दुसऱ्या कंपनीच्या गाड्या तुमच्या प्रवासाच्या कागदावर असतील तशा चालतील. अजून एक मेख म्हणजे सदर्न, थेम्सलिंक, ग्रेट नॉर्दर्न आणि गॅटविक एक्सप्रेस ह्या चार पाट्या एकाच कंपनीने लावल्या, तरी "फक्त थेम्सलिंक" लिहिलेलं तिकीट गॅटविक एक्सप्रेसला चालत नाही.

मी स्वतः ह्याच ओळीने मार खाल्लाय. पहिल्या वर्षी, स्वस्त मिळालं म्हणून एका कंपनीपुरतं ऑफ-पीक काढलं होतं, ठरलेली गाडी नाही ना मग बसू कुठल्याही गाडीत म्हणून बसले, खिडकीची जागा, कॉफी वगैरे. टीसी आला, अतिशय गोड बोलला, "सॉरी माय लव्ह" वगैरे, आणि त्याच गोड आवाजात पूर्ण भाड्याचं नवीन तिकीट फाडलं. ८० पाउंडच्या वर गेले. तेव्हा मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि पुढचे दोन तास खिडकीबाहेर काय होतं मला आठवत नाही. नाव घेत नाही कंपनीचं, चूक माझीच होती. इंग्लंडमध्ये बिनतिकीट किंवा चुकीच्या तिकिटावर सापडलात तर पेनल्टी फेअर १०० पाउंड अधिक तिकिटाचे पैसे लागू शकतो, २१ दिवसांत भरलात तर १०० चे ५० होतात. "मी नवीन आहे" हे कारण इथे चालत नाही.

स्टेशनात गेल्यावर इंडिकेटरवर गावाचं नाव आणि वेळ एवढंच बघायची आपली सवय, इथे खाली कंपनीचं नाव पण लिहिलेलं असतं ते बघा. प्लॅटफॉर्म मोठ्या स्टेशनांवर अगदी शेवटी लागतो, यूस्टनला सगळे मान वर करून उभे असतात आणि नंबर आला की सीएसएमटीच्या सहा वाजल्यासारखी पळापळ. गाडी समोर आली की डब्यावरचं नाव बघा, रंग पाठ करत बसू नका, सगळ्या कंपन्यांनी रंग इतक्यांदा बदललेत की त्यावर भरवसा नाही. शंका असेल तर चढायच्या आधी दारातल्या गार्डला तिकीट दाखवून सरळ विचारायचं. चढल्यावर विचारलंत तर तो प्रश्न राहत नाही, कबुली होते.

लंडनमध्ये कुठलं स्टेशन हेही कंपनीवरच असतं. एलएनईआर, ग्रँड सेंट्रल, हल ट्रेन्स, लुमो किंग्ज क्रॉसहून. लेस्टर, डर्बी, शेफील्डकडची ईस्ट मिडलंड्स बाजूच्याच सेंट पँक्रासहून. जीडब्ल्यूआर पॅडिंग्टनहून, साउथ वेस्टर्न वॉटर्लूहून, ग्रेटर अँग्लिया लिव्हरपूल स्ट्रीटहून. लिव्हरपूल स्ट्रीटहून लिव्हरपूलला गाडी जात नाही बरं का, लिव्हरपूलला जायला यूस्टन. ह्यातल्या लुमो, हल ट्रेन्स, ग्रँड सेंट्रल आणि हीथ्रो एक्सप्रेस ह्या सरकारी कंत्राटावर नाहीत, नेटवर्क रेलकडून रुळांवरची वेळ घेऊन स्वतःच्या हिमतीवर गाड्या चालवतात, लुमोत तर फर्स्ट क्लासच नाही आणि लंडन-एडिंबरा बऱ्याचदा खूप स्वस्त पडतं. फक्त ह्यांच्या गाड्या मोजक्या असतात, ती चुकली तर पुढची लगेच नसते.

एअरपोर्टची गोष्ट वेगळी सांगते कारण आईवडील येतात तेव्हा हाच घोळ होतो. हीथ्रोहून पॅडिंग्टनला हीथ्रो एक्सप्रेस १५ मिनिटांत नेते आणि त्याचे भरपूर घेते, एलिझाबेथ लाइन त्याच मार्गाने जरा उशिरा पण कमी पैशात आणि पॅडिंग्टनच्या पुढे शहरातही नेते, पिकॅडिली ट्यूब सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सावकाश. गॅटविकहून गॅटविक एक्सप्रेस आणि सदर्न दोन्ही लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनलाच जातात, थोड्या मिनिटांच्या फरकासाठी एक्सप्रेसचे जादा पैसे देण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. लंडनमध्ये आणि आसपास कार्ड टॅप करून जाता येतं, पण हद्द कुठे संपते ते बघा. रेडिंगपर्यंत बँकेचं कार्ड टॅप होतं पण ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) चालत नाही, आणि हद्दीच्या पलीकडच्या गावाला टॅप करून निघालात तर उतरताना गेट उघडणार नाही आणि उघडायला जो माणूस येईल तो तिकीट विचारेल.

गाडी बदलायची असेल तेव्हा खरी परीक्षा. यॉर्कहून लेस्टरला माझ्याकडे यायचं तर शेफील्डला नाहीतर डर्बीला बदलायला लागते, पहिली क्रॉसकंट्रीची धरली तर दुसरी ईस्ट मिडलंड्सची. समजा पहिली गाडी लेट झाली आणि दुसरी डोळ्यासमोरून गेली, आणि तिकीट अ‍ॅडव्हान्स. घाबरायचं नाही. पूर्ण प्रवासाचं तिकीट असेल आणि बदलायला ठरलेला किमान वेळ ठेवलेला असेल (अ‍ॅप तेवढा ठेवूनच तिकीट विकतं) तर दुसऱ्या कंपनीच्या पुढच्या गाडीने त्याच तिकिटावर जाता येतं, जादा पैसे नाहीत. भलत्याच कंपनीच्या गाडीने नाही हं, जिचं बुकिंग होतं तिच्याच पुढच्या गाडीने. प्लॅटफॉर्मवर युनिफॉर्ममधलं कुणी दिसलं तर तिकीट दाखवून विचारून घ्या, आणि लेट गाडीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. शेवटची गाडीच चुकली तर तुम्हाला पोचवायची जबाबदारी त्यांच्यावर येते, कधीकधी टॅक्सी करून देतात, पण त्यासाठी स्टेशनवर जाऊन सांगावं लागतं, घरी चिडून बसून नाही.

उशीर झाला की पैसे परत मिळतात, त्याला डिले रिपे म्हणतात, आणि ते मागावे लागतात, आपोआप येतीलच असं नाही. बऱ्याच कंपन्या १५ मिनिटांच्या वर उशीर झाला तर एकेरी भाड्याचा पाव भाग देतात, ३० च्या वर अर्धा, तासाच्या वर पूर्ण, काहींचं ३० पासूनच सुरू होतं, आणि लुमोसारख्या स्वतंत्र कंपन्यांचे नियम त्यांचे त्यांचे. उशीर मोजायचा तो तुम्ही शेवटी किती वाजता पोचलात त्याचा, गाडी किती लेट होती त्याचा नाही. म्हणजे पहिली गाडी ९ मिनिटं लेट होऊन दुसरी चुकली आणि तुम्ही तासभर उशिरा पोचलात, तर तासाचे पैसे. अर्ज २८ दिवसांच्या आत, आणि अर्ज कुणाकडे, तर जिच्यामुळे उशीर झाला त्या कंपनीकडे. इथेच मी फसले होते. तिकीट जिच्या अ‍ॅपवर काढलं तिच्याकडे अर्ज केला, दहा दिवसांनी उत्तर आलं की आमची गाडी त्या दिवशी वेळेवर होती. दुसरीकडे केला, ते म्हणाले पहिल्या कंपनीला विचारा. शेवटी स्क्रीनशॉट, तिकिटाचा फोटो आणि एक लांबलचक मेल, मग आले १४ पाउंड. १४ पाउंडांसाठी एवढं करायचं का? तर हो, करायचं, आम्ही डोंबिवलीचे आहोत.

पैसे वाचवायचे दोन मार्ग, पटकन सांगते. एक रेलकार्ड, ३५ पाउंड वर्षाचे, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट, १६ ते २५ वाल्यांना, २६ ते ३० वाल्यांना, दोघं कायम एकत्र फिरत असाल तर टू टुगेदर, साठीच्या पुढे सीनियर, आईवडील दोन महिन्यांसाठी आले तरी काढून द्या, दोनतीन लांबच्या फेऱ्यांत वसूल. हे कार्ड सगळ्या कंपन्यांना चालतं, एवढी एक गोष्ट तरी ह्यांनी एकत्र ठेवली. सकाळच्या गर्दीत काही कार्डांना कमीत कमी भाड्याची अट असते. कार्ड फोनमध्ये असेल तर फोन चार्ज ठेवा, कार्ड दाखवता आलं नाही तर सवलतीच्या तिकिटाला अर्थ नाही.

दुसरा मार्ग तिकीट तोडायचा. लंडनहून ब्रिस्टलचं एक तिकीट काढण्यापेक्षा लंडन ते डिडकॉट आणि डिडकॉट ते ब्रिस्टल अशी दोन काढली तर गर्दीच्या वेळी बऱ्याचदा स्वस्त पडतात, गाडी तीच, जागेवरून उठायचंही नाही. विचित्र वाटतं पण पूर्ण कायदेशीर आहे. अट एकच, गाडी डिडकॉटला थांबली पाहिजे. न थांबणारी असेल तर तुमची दोन्ही तिकिटं त्या गाडीपुरती बाद. आतेभावाने हे ऐकल्यावर पहिल्या आठवड्यात चार तुकड्यांचं तिकीट काढलं, ३ पाउंड वाचवले आणि दर अर्ध्या तासाला फोनमध्ये कुठला कोड दाखवायचा ते शोधत बसला.

बाकी शनिवार-रविवार निघायच्या आदल्या रात्री एकदा अ‍ॅप बघा, रुळांचं काम काढलेलं असतं आणि गाडीऐवजी बस लावतात, आपल्या रविवारच्या मेगाब्लॉकचीच बहीण. आणि २५ डिसेंबरला गाड्या जवळपास नसतातच, २६ ला बऱ्याच कंपन्यांच्या नसतात. आतेभाऊ म्हणून २४ लाच आला लेस्टरला, उरलेल्या चकल्या घेऊन, आणि निघायच्या आधी तिकिटाचा फोटो मला पाठवला होता, खाली एकच ओळ, "ताई, एनी परमिटेड आहे, आता बसू ना?"